जुन्या पीसीवर लिनक्स गेमिंग: भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

बेलपाड्यातून बोलतोय, मधेच मेट्रोचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट पीसी एका रात्रीत 'जुने' ठरले. माझ्याकडे असाच एक आहे, आय५-६५०० वाला. त्यावर आता लिनक्स मिंट आहे, आणि रोज गेम चालतात.

"लिनक्सवर कुठे गेम चालतात?" हे २०१८ पर्यंत बऱ्यापैकी खरं होतं. त्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने स्टीममध्ये प्रोटॉन आणलं. विंडोजचा गेम ग्राफिक्सशी डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो, आणि लिनक्सला ती येत नाही. प्रोटॉन मधे बसून दुभाष्याचं काम करतं. त्यातलं वाईन (हा प्रकल्प १९९३ पासूनचा!) विंडोजचे आदेश सांभाळतं आणि डीएक्सव्हीके डायरेक्टएक्सचं व्हल्कनमध्ये भाषांतर करतं. स्टीम डेक याच जोरावर चालतो.

ग्यानबाची मेख इथेच आहे. पीसी किती वर्षांचा, यापेक्षा त्याच्या ग्राफिक्सला व्हल्कन नीट येतं का, हे बघा. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या इनबिल्ट ग्राफिक्सला ते अर्धवटच येतं, सहाव्या पिढीला व्यवस्थित येतं. दुकानदार "आय५ आहे, आय५ आहे" करत राहील. तुम्ही पिढी विचारा.

दुसरं म्हणजे रॅम. इनबिल्ट ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मेन रॅममधूनच उसनं घेतं. म्हणून ८ जीबीची एक स्टिक लावण्यापेक्षा ४-४ च्या दोन लावा, फरक गेममध्ये दिसतो. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, हे तर सांगायलाच नको.

थोडे पैसे असतील तर सेकंड-हँड आरएक्स ५५० शोधा. ऑफिसच्या पीसीचा पॉवर सप्लाय लहान असतो, आणि हे कार्ड साधारण ५० वॅटवर, स्लॉटमधूनच वीज घेऊन चालतं. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. कॅबिनेट बारीक असेल तर लो-प्रोफाइल कार्ड मागा. लॅमिंग्टन रोडला गेलात तर कार्ड चालवून दाखवल्याशिवाय पैसे काढू नका.

काउंटर-स्ट्राइक १.६, पोर्टल २, स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट हे तर थेट लिनक्सवरच येतात, दुभाषा लागतच नाही. बाकी गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबीवर नाव टाकून बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा २०२० मधला 'राजी' सुद्धा तिथेच तपासा, पण त्याला इनबिल्ट ग्राफिक्स पुरेल ही आशा ठेवू नका.

आणि हो, व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालणार नाहीत. त्यांची अँटी-चीट लिनक्सला आत घेत नाही, प्रोटॉनचाही तिथे इलाज नाही. तुमचा ग्रुप रोज रात्री व्हॅलोरंट खेळत असेल, तर विंडोज उडवू नका. आधी फोटो-डॉक्युमेंटचा बॅकअप घ्या, मग पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघा. इन्स्टॉल करेपर्यंत तुमच्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय आणि आवाज चालला की पुढचं ठरवा.