संपात उतरावे की नाही?

संपाची हाक आली की आपल्या वस्तीत दोन मते हमखास ऐकू येतात. कोणी म्हणतो, ‘युनियनने सांगितले, उतरायचेच.’ कोणी म्हणतो, ‘आपले पोट हातावर, आपण कशाला पडावे?’ दोन्ही उत्तरांत विचार करण्याचे कष्ट तेवढे टळतात. मुंबईच्या गिरण्यांतील संपांविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दहा वर्षांच्या अंतराने दोन निरनिराळ्या भूमिका घेतल्या. विद्यार्थ्यांना त्यात विसंगती वाटते, म्हणून तो प्रसंग नीट समजून घेतला पाहिजे.

एप्रिल १९२८ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले व सहा महिने बाहेर राहिले. त्याच गिरण्यांत विणकाम खात्याचा दरवाजा अस्पृश्य कामगाराला बंद होता. पगार त्या खात्यात अधिक. कारण काय, तर धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ! हा दरवाजा मालकांइतकाच सोबतच्या कामगारांनी बंद ठेवला होता, हे विसरू नये. बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बजावले की, ही मागणी घेणार नसाल तर आमच्या लोकांना संपापासून दूर राहण्यास सांगावे लागेल. मोठ्या नाखुषीने ती मागणी यादीत आली. मालकांनी मात्र, हा अन्याय आमचा नव्हे, असे म्हणून हात झटकले. पुढे १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. आदल्या वर्षीच्या कर्जातून कामगारांची घरे तेव्हा सावरलेली नव्हती.

१९३८ साली प्रश्नच निराळा होता. मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकात ठरावीक प्रक्रियेपूर्वी केलेला संप गुन्हा ठरत होता. नोकरीचा करार मोडणे ही दिवाणी बाब आहे. त्यासाठी माणसाला तुरुंगात घालणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. विधेयक तरीही मंजूर झाले.

म्हणजे बाबासाहेबांनी संपाला सरसकट होकारही दिला नाही आणि नकारही. मागण्यांत आपल्या माणसाचे काय आहे, घर किती दिवस तग धरेल, आणि पणाला लागलेली गोष्ट पगाराची आहे की हक्काची, हे त्यांनी दर वेळी पाहिले. तिसरी बाब मला सर्वांत वजनदार वाटते, कारण गेलेला पगार पुन्हा मिळवता येतो.

आज विणकाम खात्याची जागा कंत्राटाने घेतली आहे. कायम कामगारांच्या मागणीपत्रात कंत्राटी सफाई कामगाराचा उल्लेख पुष्कळदा नसतो, आणि एकजुटीची अपेक्षा मात्र त्याच्याकडूनही केली जाते. अशा वेळी त्याने गुपचूप कामावर जाणे हा उपाय नव्हे. मागणीपत्राची प्रत मागून वाचावी, आपले कलम लेखी द्यावे आणि सभेपूर्वी युनियनचे उत्तरही लेखीच मागावे.