शिल्लक कोणाची?

शेतकरी बंधूंनो, आमदारसाहेब गांवीं आले म्हणजे आपण रस्ता, बंधारा, शाळा यांचे अर्ज त्यांच्यापुढें ठेवतों. तें योग्यच आहे. परंतु सरकारी जमाखर्चाविषयीं त्यांस कोणी विचारीत नाहीं.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सन १९०२ च्या मार्चांत कलकत्त्यास वरिष्ठ कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. तिजोरींत दरसाल शिल्लक पडे व ती सुबत्तेची खूण मानली जाई. प्लेग व दुष्काळ यांनीं गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षां अधिक कर घेतल्याची ती खूण आहे, असें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून दाखविलें. मिठावर तेव्हां मणास अडीच रुपये कर होता. गोखल्यांनीं तो विषय पुढेंहि लावून धरला. १९०३ सालीं कर दोन रुपये, १९०५ सालीं दीड व १९०७ सालीं एक रुपया झाला.

अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार त्या वेळीं सभासदांस नव्हता; बळ होतें तें अभ्यासाचें. आजच्या आमदारांस मतहि आहे. महसूल दप्तरांत माझें आयुष्य गेलें. वही उघडून पाहणारासच चूक सांपडते, हा माझा अनुभव. म्हणून बंधाऱ्याचा अर्ज देतांना, "यंदा अंदाजपत्रकावर आपण काय बोललांत?" हेंहि अवश्य विचारावें.