ल्यों: महापौर अनेक, महानगर एक

फ्रान्समधल्या ल्यों शहराची आणि भोवतालच्या उपनगरांची पाणी, कचरा, रस्ते ही कामे १९६९पासूनच एका संयुक्त मंडळामार्फत चालत. १ जानेवारी २०१५ला त्या मंडळाच्या जागी ‘ल्यों महानगर’ आले आणि त्याला जिल्ह्याचे अधिकारही मिळाले: गरिबांचे भत्ते, बालसंरक्षण, ११ ते १५ वयाच्या मुलांच्या शाळांच्या इमारती. म्हणजे महापालिका आणि जिल्हा परिषद एकाच छपराखाली! ल्यों ज्या जिल्ह्यात होते, त्या रोन जिल्ह्याच्या परिषदेचा कारभार फक्त महानगराबाहेरच्या भागात उरला. गावोगावचे महापौर मात्र कायम. जन्मनोंदी, प्राथमिक शाळा त्यांच्याकडेच. महानगर परिषदेचे १५० सदस्य २०२०पासून लोक थेट निवडतात, पण गावांनुसार नव्हे, १४ मतदारसंघांतून. त्यामुळे कित्येक छोट्या गावांच्या महापौरांना तिथे खुर्चीच नाही. त्यांची नाराजी मला रास्त वाटते.