मांजर घरात ओलं करू लागलं तर
घरचं मांजर : भाग ५

मागच्या आठवड्यात आपण मांजराचं खाणं पाहिलं. आज लघवीचं दुखणं. वर्षानुवर्षं बाहेर मातीत जाऊन येणारं मांजर एकाएकी गादीवर, सतरंजीवर नाहीतर घरात भरून ठेवलेल्या कापसावर ओलं करू लागतं. घरची माणसं ती खोड समजून झोडपतात. तरीही थांबलं नाही, तर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येतात. पाळलेला प्राणी असा टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मुळात मांजर हे खोडीने करतच नाही. कुठे आणि कसं ओलं होतं एवढं नीट पाहिलं, तरी निम्मं दुखणं कळतं.

झोपेत गळणं : मांजर उठलं की खालची जागा ओली, मागचे पाय भिजलेले आणि त्याला पत्ताच नाही. हे खरं ताबा सुटणं. शेपटीवरून चाक गेलं किंवा कुणी ती जोरात ओढली, की माकडहाडाजवळच्या नसांना हिसका बसतो. मूत्राशयावर ताबा ठेवणाऱ्या नसाही तिथल्याच. शेपटीच्या मुळाशी संवेदना शिल्लक आहे का, हे डॉक्टर तपासतात. ती असेल तर आशा चांगली. महिनाभरात ताबा परतला नाही, तर पुढे अवघड. म्हाताऱ्या मांजरात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजारही तपासावा. त्यात लघवीच इतकी वाढते की आवरत नाही.

जागा बदलणं : मांजर नीट बसतं, पण भलत्याच ठिकाणी आणि पुन्हा पुन्हा. बरेचदा मूत्राशयाला सूज असते. तरुण मांजरात ती बहुधा जंतूंमुळे नसते, ताणाने भडकते : नवं मांजर आलं, बिऱ्हाड बदललं, दारापुढे मांडव पडला. म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. माणसाची पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

कुंथणं : बोका पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो, येतात फक्त थेंब. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खड्याने किंवा चिकट गाठीने तो बुजला, की तुंबलेली लघवी थेंबाथेंबाने गळते आणि घरच्यांना वाटतं, ताबा सुटला. रक्तात पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. पोट दाबू नका, सकाळची वाट पाहू नका, लगेच डॉक्टर गाठा.

गळणाऱ्या मांजराचं मागचं अंग रोज कोमट पाण्याने धुऊन कोरडं करावं, तिथले केस बारीक कापावेत, अंथरायला जुन्या सुती लुगड्याच्या घड्या ठेवाव्यात. ओली जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. फिनाईल आणि डेटॉल मांजराला विषारी आहेत, कारण पायाला लागलेलं ते चाटतं.

लघवीची दुखणी टाळायची तर मांजराच्या पोटात पाणी जायला हवं. आपल्या अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्यामुळे त्याची तहान मुळातच मंद. चार किलोच्या मांजराला अन्नातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, आणि कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं खारं पाणी मांजरापुढे ठेवू नका, आपण पितो तेच द्या. माठातलं पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. मीठ-कांदा न घातलेलं चिकनचं पाणीही चालतं.

तपासणीसाठी अमरावती आणि अकोल्यात जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. अकोल्यात पशुवैद्यक विद्यापीठाची स्नातकोत्तर संस्थाही आहे. जाताना मोबाइलवर मांजराच्या बसण्याचा व्हिडिओ घ्या आणि दिवसातून किती वेळा, किती लघवी झाली ते लिहून न्या.

मूत्राशय कायमचं लुळं पडलं, तरी दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने लघवी काढून देता येते. ही रीत डॉक्टरांकडून समोर बसून शिकावी. रोज एवढं करणारी माणसं घरात असतील, तर असं मांजर पुढे वर्षानुवर्षं सुखाने जगू शकतं.

(पुढच्या आठवड्यात : मांजराचा उन्हाळा)