गोळ्या मोजल्या, माणसे राहिली

वेस्ट व्हर्जिनिया हे अमेरिकेतले कोळसा खाणींचे डोंगराळ राज्य. तिथल्या कर्मिट गावाची वस्ती जेमतेम चारशे. या गावातल्या एका औषध दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोन या वेदनाशामकाच्या सुमारे ९० लाख गोळ्या पोहोचल्या. ‘चार्ल्सटन गॅझेट-मेल’ या दैनिकाचे वार्ताहर एरिक आयर यांनी २०१६ साली हा हिशेब लोकांपुढे मांडला. सहा वर्षांत त्या छोट्या राज्यात हायड्रोकोडोन आणि ऑक्सिकोडोनच्या मिळून ७८ कोटी गोळ्या आल्या होत्या आणि त्याच काळात या दोन औषधांच्या अतिमात्रेने १,७२८ माणसे मेली होती. आयर यांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे. हे आकडे सरकारदरबारी आधीपासून होते. अशा औषधाची प्रत्येक खेप अमली पदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेला कळवणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती ‘आर्कोस’ नावाच्या नोंदसंग्रहात जमा होते. वृत्तपत्रांनी न्यायालयात लढा दिल्यावर २०१९ मध्ये तो संग्रह खुला झाला, तेव्हा २००६ ते २०१२ या सात वर्षांत देशभर अशा ७६ अब्ज गोळ्या वाटल्या गेल्याचे दिसले. नोंद चोख होती. ती वाचून कुणाला तरी जाब विचारण्याची जबाबदारी मात्र कुणी घेतलेली नव्हती.

अफूपासून किंवा अफूसारख्या रसायनांपासून बनणारी ही वेदनाशामके कर्करोगाच्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत फार मोलाची आहेत. मात्रा वाढली की तीच औषधे मेंदूतले श्वासाचे केंद्र मंदावतात. माणूस झोपल्यासारखा दिसतो आणि श्वास थांबतो. १९९६ साली पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकोडोनपासूनचे ‘ऑक्सिकॉन्टिन’ बाजारात आणले आणि त्याचे व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचे डॉक्टरांच्या गळी उतरवले. २००७ मध्ये पर्ड्यूशी संलग्न एका कंपनीने फसव्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला, पण तोवर पाठदुखी-गुडघेदुखीलाही ही गोळी लिहिण्याची सवय रुळली होती. मग सरकार जागे झाले आणि पैसा वाहू लागला. रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१५ मध्ये १६ राज्यांना प्रतिबंधासाठी अनुदान दिले. पुढे ती संख्या २९ झाली. २०१९ पासून त्याची जागा एका मोठ्या योजनेने घेतली. तिच्यात ४७ राज्ये होती आणि वर्षाला सुमारे ३० कोटी डॉलर मिळत होते. व्यसनोपचारासाठी अमेरिकी संसदेने दोन वर्षांत जवळपास १०० कोटी डॉलर वेगळे दिले. एवढ्या पैशाचे काय झाले, हे कसे ओळखायचे? माझे म्हणणे असे, की या योजनांनी बराच काळ जे मोजायला सोपे होते ते मोजले, आणि जे मोजले तेच त्यांचे उद्दिष्ट होऊन बसले. ज्या माणसाला वाचवायचे होते त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न हिशेबाबाहेर राहिला.

राज्यांच्या औषधनोंदवहीपासून सुरुवात करू. आपल्याकडे ‘अनुसूची एच-१’ मधली औषधे देताना केमिस्टला रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहून ठेवावे लागते. मात्र ती वही त्या दुकानापुरतीच असते. अमेरिकेतल्या राज्यांनी अशी नोंद संगणकावर आणून राज्यभर जोडली, जेणेकरून एकच माणूस पाच डॉक्टरांकडून पाच चिठ्ठ्या घेत असेल तर सहाव्या डॉक्टरला ते दिसावे. या कामासाठी केंद्राचे अनुदान २००२ पासूनच मिळत होते. तरीही वर्षानुवर्षे उपयोग दिसेना. कारण सापडले ते राज्याराज्यांची तुलना केल्यावर. वृद्धांच्या सरकारी विमा योजनेतल्या नोंदी तपासून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले, की जिथे नोंदवही होती पण ती पाहणे डॉक्टरच्या मर्जीवर होते, तिथे फारसा फरक पडला नाही. केंटकी आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी चिठ्ठी लिहिण्याआधी ती पाहणे सक्तीचे केले, तिथे गैरवापर घटला. चांगल्या देखरेखीचे काम ते हेच. नोंदवही उभारली, असा अहवाल अनुदान देणाऱ्याला पाठवून भागत नाही. ती उघडली जाते का आणि उघडल्यावर काय बदलते, इथवर जावे लागते.

पण इथेच पाय घसरला. सक्ती आल्यावर चिठ्ठ्या घटू लागल्या, आणि चिठ्ठ्यांची घट हेच यशाचे माप ठरले. २०१२ मध्ये देशात या वेदनाशामकांच्या २५.५ कोटींहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या होत्या. २०२० मध्ये त्या १४.२ कोटींवर आल्या. कुठल्याही वार्षिक अहवालात शोभून दिसेल अशी ही घट. त्याच दोन वर्षांतले अतिमात्रेचे मृत्यू शेजारी ठेवून पाहावेत. सर्व अमली द्रव्ये आणि औषधे मिळून २०१२ मध्ये ४१,५०२ माणसे मेली होती, २०२० मध्ये ९१,७९९. मधल्या काळात ज्यांना गोळीवाचून राहवत नव्हते त्यांच्यातले कितीतरी जण हेरॉइनकडे वळले. २०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिनची गोळी सहज चुरडता येणार नाही अशी बनवली गेली, तेव्हा जिथे तिचा गैरवापर जास्त होता त्याच राज्यांत पुढे हेरॉइनचे मृत्यू जास्त वाढले, असे संशोधनात दिसले. २०१३ नंतर चोरट्या कारखान्यांत बनलेले अतिजहाल वेदनाशामक फेंटानिल आले आणि प्रकरण हाताबाहेर गेले. चिठ्ठ्या घटवल्या म्हणून मृत्यू वाढले, असा सरळ हिशेब मी मांडत नाही. नवे लोक गोळीच्या नादी लागू नयेत म्हणून चिठ्ठ्या कमी होणे आवश्यकच होते, आणि त्या तशाच राहिल्या असत्या तर स्थिती आणखी बिघडली असती, हा आक्षेप मला पटतो. प्रश्न आधीच अवलंबून असलेल्यांचा आहे. त्यांची चिठ्ठी बंद झाल्याची नोंद झाली; ते कुठे गेले याची झाली नाही.

या अंधाराची किंमत कुणी मोजली, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. मार्च २०१६ मध्ये सीडीसीने डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या बरोबरीची मात्रा शक्यतो ओलांडू नये, हा त्यातला एक सल्ला. तो सल्ला होता, आणि मुख्यतः नव्या रुग्णांसाठी होता. राज्यांचे कायदे, विमा कंपन्या, औषध दुकानांच्या साखळ्या यांनी त्याचा दंडक केला. वर्षानुवर्षे मोठ्या मात्रेवर स्थिर असलेल्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या रुग्णांची औषधे भराभर कमी केली गेली, काहींची एकदम बंद. एप्रिल २०१९ मध्ये अन्न व औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला, की असे अचानक तोडल्याने असह्य त्रास, मानसिक खचणे आणि आत्महत्या घडत आहेत. त्याच वर्षी सूचनांच्या लेखकांनीही आपल्या शब्दांचा चुकीचा वापर होत असल्याचे लिहिले. २०२१ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात दीर्घकाळ मोठ्या मात्रेवर असलेल्या १,१३,६१८ रुग्णांचा अभ्यास आला. मात्रा कमी केल्यानंतरच्या काळात अतिमात्रेच्या घटनांचे प्रमाण ६८ टक्क्यांनी अधिक होते आणि मानसिक आणीबाणीचे प्रमाण दुपटीहून जास्त. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे खरे. पण इशारा म्हणून तो पुरेसा गंभीर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सूचना बदलल्या आणि आकड्याचा तो उंबरठा मुख्य शिफारशींतून काढला गेला. मधल्या सहा वर्षांत राज्यांच्या अहवालांत असा रुग्ण ‘मोठ्या मात्रेच्या चिठ्ठ्यांत घट’ या रकान्यात, यशाच्या बाजूला, मोजला जात होता. तो वेदनेने तळमळत असो, बाजारातली बनावट गोळी घेऊन मेलेला असो, रकाना तोच. मला यापेक्षा कठोर पुरावा माहीत नाही.

मृत्यू तरी नीट मोजले गेले का? सीडीसीच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये मान्य केले, की प्रचलित पद्धतीने २०१६ मध्ये डॉक्टरी वेदनाशामकांमुळे ३२,४४५ मृत्यू दिसतात, पण चोरटे फेंटानिल ज्या गटात मोडते तो गट वगळला तर १७,०८७ उरतात. मृत्यूच्या दाखल्यावरची सांकेतिक नोंद औषधकंपनीचे फेंटानिल आणि तस्करांचे फेंटानिल वेगळे ओळखतच नव्हती. धोरण मात्र मोठ्या आकड्यावर आखले जात होते: डॉक्टरची चिठ्ठी आवळा, म्हणजे मृत्यू आटोक्यात येतील. त्यात अमेरिकेच्या अनेक काउंटींमध्ये मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर निवडणुकीने येतो आणि तो डॉक्टर असावाच असे नाही. २०१३ पर्यंत अतिमात्रेच्या पाचांपैकी एका दाखल्यावर नेमके कोणते द्रव्य, हे लिहिलेलेच नसे. २०१७ पर्यंत हे प्रमाण १२ टक्क्यांवर आले. याउलट फ्लोरिडा पाहा. तिथे प्रशिक्षित वैद्यकीय परीक्षक मृत शरीरात कोणकोणती औषधे सापडली याची राज्यभर एकसारखी नोंद ठेवतात. पैसे घेऊन गोळ्या वाटणाऱ्या दवाखान्यांवर २०१० आणि २०११ मध्ये कायद्याचा बडगा आला, तेव्हा ऑक्सिकोडोनमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर दोन वर्षांत ५२ टक्क्यांनी घसरला, हे फ्लोरिडाला ठामपणे सांगता आले. कारवाईचे श्रेय पोलिसांना आणि आमदारांना मिळाले. माझ्या मते त्यातला वाटा शवविच्छेदन करणाऱ्यांनाही द्यायला हवा. २०१९ च्या योजनेने प्रतिबंध आणि पाहणी ही दोन अंगे एकत्र बांधली, विषपरीक्षेसाठी पैसा दिला, ही मला या सगळ्या प्रवासातली सर्वात शहाणी सुधारणा वाटते.

पैशावरच्या देखरेखीबद्दल थोडक्यात सांगता येईल. उपचारासाठीच्या त्या १०० कोटींपैकी जवळपास एक तृतीयांश रक्कम दोन वर्षांची मुदत संपली तेव्हाही खर्च झालेली नव्हती, असे आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांना २०२० मध्ये आढळले. माणसे रोज मरत असताना! आणि त्यानंतरच्या उपचार-अनुदानांचा परिणाम मोजण्यासाठी रुग्णाची दाखल होताना आणि सहा महिन्यांनी लांबलचक मुलाखत घ्यायची असा दंडक होता. सहा महिन्यांनी जो भेटतो तो बहुधा सावरलेला असतो. जो भेटत नाही, त्याच्याबद्दलच आपल्याला कळायला हवे असते.

अशा मोजमापावर सर्वात मनापासून घेतला जाणारा आक्षेप उपचारकेंद्रांतल्या कार्यकर्त्यांचा आहे: समोर माणूस थरथरत बसलेला असताना आम्ही तुमचे फॉर्म भरायचे का? त्यांची तक्रार रास्त आहे, आणि तिचे उत्तर आणखी फॉर्म हे नाही. बहुतेक माहिती आधीच कुठे ना कुठे नोंदलेली आहे. चिठ्ठी औषधनोंदवहीत, रुग्णालयाची भेट विम्यात, मृत्यू दाखल्यात. या तीन नोंदी नावे झाकून एकमेकींना जोडल्या तर औषध बंद झालेल्या हजार रुग्णांपैकी वर्षभरात किती जण उपचारात आहेत, किती तातडीच्या विभागात आले, किती वारले, हे कार्यकर्त्याला एक ओळही न लिहिता कळू शकते. दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो मला अधिक काळजीत टाकतो. अनेक राज्यांत पोलिसांना वॉरंटाशिवाय औषधनोंदवहीपर्यंत पोहोचता येते. आपली चिठ्ठी पोलिसही वाचतील अशा भीतीने रुग्ण डॉक्टरपासूनच दूर राहिला तर सगळी देखरेख उलटते. म्हणून आरोग्याची जोडलेली नोंद तपास यंत्रणांपासून कायद्याने तोडलेली असली पाहिजे. ती हमी नसेल तिथे जोडणी करू नये, इतके मी म्हणेन. तिसरा आक्षेप असा, की एवढ्या गुंतागुंतीत कोणत्या योजनेने काय साधले हे कधीच पक्के कळणार नाही. पक्के कळणार नाही, हे मान्य. पण सक्तीच्या आणि ऐच्छिक नोंदवहीतला फरक कळलाच ना? राज्यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे नियम केले आणि कुणीतरी मागाहून रुग्णांच्या नोंदी तपासल्या, म्हणून तो कळला.

न मोजण्याचे फळ आज पुन्हा समोर आहे. २०२३ मध्ये सुमारे एक लाख पाच हजार असलेले मृत्यू २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास आले. एका वर्षात इतकी घट पूर्वी कधी झाली नव्हती. श्वास परत आणणारे नॅलॉक्सोन २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळू लागले, म्हणून? उपचार सुलभ झाले म्हणून? बाजारातले फेंटानिल सौम्य झाले म्हणून? की सर्वात धोक्यातली माणसे आधीच गेली म्हणून? तज्ज्ञांमध्ये एकमत नाही, आणि ज्या योजनांवर एवढा पैसा गेला त्यांच्या अहवालांतून याचे उत्तर काढता येत नाही. दरम्यान औषधकंपन्या आणि वितरकांशी झालेल्या तडजोडींतून ५० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम राज्यांकडे आणि गावांकडे येऊ लागली आहे. तीन बड्या वितरकांचे हप्ते १८ वर्षे चालणार आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय तडजोडीत किमान ८५ टक्के पैसा या संकटाच्या निवारणावर खर्चावा अशी अट आहे. पण सक्तीने कळवायचे आहे ते फक्त निवारणाबाहेरच्या खर्चाबद्दल. म्हणजे ज्या कामासाठी पैसा मिळाला त्या कामाचा हिशेब द्यायचा की नाही, हे बहुतांशी प्रत्येक राज्याने ठरवायचे. १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांशी झालेल्या तडजोडीत असेच मोकळे सोडले होते, आणि तंबाखू रोखण्यावर राज्यांनी त्यातला अगदी थोडा भाग खर्च केला. या वेळी प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने हप्ता स्वीकारतानाच एक अट घालावी: या पैशातून ज्यांना उपचार मिळाले आणि ज्यांची औषधे बंद झाली, ते वर्षानंतर कुठे आहेत याचा अहवाल दरवर्षी जाहीर व्हावा, मेलेल्यांच्या विषपरीक्षेसह. पहिले हप्ते २०२२ मध्येच पोहोचले आहेत, आणि त्या पैशावर उपचार घेतलेल्या माणसांचा माग काढणे दर वर्षागणिक कठीण होत जाणार आहे.