चांदीच्या बारीक कणांचा माल : विकण्यापूर्वी हे समजून घ्या

मोजे, बनियन, जखमेच्या पट्ट्या, चेहऱ्याचे क्रीम. अशा अनेक वस्तूंवर हल्ली ‘नॅनो सिल्व्हर’ हे शब्द छापलेले दिसतात. गिऱ्हाईक विचारते, “याने कातडीला काही होणार नाही ना?” आपण सहज म्हणतो, “अहो, चांदीच तर आहे!” हे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

एका मिलीमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण १ ते १०० नॅनोमीटरचे असतात. चांदीचा तुकडा जितका बारीक करावा तितका त्याचा उघडा पृष्ठभाग वाढतो आणि त्यातून चांदीचे आयन अधिक सुटतात. हेच आयन जंतू मारतात. म्हणूनच या मालाला मागणी आहे.

परंतु जंतूची पेशी कोणती आणि माणसाची कोणती, हे आयन ओळखत नाहीत. प्रयोगशाळेत मात्रा वाढवली की माणसाच्या त्वचेच्या पेशीही दुबळ्या होतात व मरतात. मग धोका मोठाच म्हणायचा का? तसे नाही. बशीतली पेशी उघडी असते. अंगावरच्या त्वचेला मृत पेशींच्या थराचे कवच असते. इटलीतील संशोधकांनी २००९ साली मानवी त्वचेवर पाहणी केली, तेव्हा धड त्वचेतून फारच थोडी चांदी आत गेली. खरचटलेल्या त्वचेतून मात्र सुमारे पाचपट गेली.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत २०१० साली झालेल्या प्रयोगात न धुतलेल्या कणांनी त्वचेच्या पेशींना इजा केली, धुतलेल्या कणांनी केली नाही. दोष कण बनवताना मागे राहिलेल्या रसायनांचा होता. म्हणजे माल कसा तयार झाला, यालाही महत्त्व आहे.

भाजलेल्या जखमांवर चांदीयुक्त मलम (सिल्व्हर सल्फाडायझिन) १९६८ पासून वापरात आहे. ते जंतू रोखते, पण नवी त्वचा येण्यास उशीरही लावू शकते. म्हणून उघड्या जखमेवर काय लावावे, हे डॉक्टरांनी ठरवावे, दुकानदाराने नव्हे.

चांदीकाम करणाऱ्या कारागीर बांधवांनी हेही ध्यानात ठेवावे : धातूचे कण कातडीत रुतले की निळसर डाग पडतात आणि ते सहसा जात नाहीत. हाताला काप असेल तर पट्टी बांधूनच घासकामाला बसावे.

व्यापाराचे म्हणाल तर, २००८ साली अमेरिकेत तपासलेल्या काही मोज्यांतील जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच पाण्यात गेली. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमाने सौंदर्यप्रसाधनांत नॅनो रूपातील कोलॉइडल चांदीवर बंदी घातली. तिकडे माल पाठवणाऱ्यांनी हे विसरू नये.

तेव्हा माल उचलताना पुरवठादाराला तीन प्रश्न विचारावेत : चांदी किती आहे? किती धुण्यांपर्यंत टिकते? त्वचेवरील चाचणीचा कागद आहे का? उत्तर मिळाले नाही, तर गिऱ्हाइकाला “अगदी सुरक्षित” असे सांगू नये. माल एकदा विकला जातो; जबान गेली की गिऱ्हाईक परत येत नाही.