दोघांना पेलेल असं शीड

शिडाची बोट घेणारे लोक आधी तिची लांबी विचारतात, मग इंजिन, मग आत किती जण झोपू शकतात ते. मुख्य शीड चढतं कसं आणि उतरतं कसं, हा प्रश्न पैसे देऊन झाल्यावर निघतो. मी चेण्यात राहतो आणि मुंबई बंदरातल्या यॉटवर दोर, कप्प्या नि डोलकाठ्यांची कामं करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत येतोच. परवा ठाण्याचं एक निवृत्त जोडपं आलं. छत्तीस फुटी जुनी बोट घेतलेली. हिवाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्याला जाऊन यायचं, तेही कुणी खलाशी न घेता. काका कॅटलॉग उघडून बसले होते. काकूंनी मात्र नेमकं विचारलं, ‘‘आम्ही दोघं म्हणतोय खरं, पण एक जण झोपला की दुसरा एकटाच ना?’’

सगळा विषय इथूनच सुरू होतो. रात्रीच्या प्रवासात पाळ्या लावाव्या लागतात, म्हणजे दोघांच्या बोटीवर जागं माणूस एकच. वारा वाढला तर त्या एकाला सुकाणूही बघायचंय आणि शीडही आखडायचंय.

याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’चं. दिवार बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये तयार झालेली नौदलाची ही बोट, सुमारे छप्पन्न फूट लांब. सप्टेंबर २०१७ मध्ये सहा महिला अधिकारी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि मे २०१८ मध्ये परतल्या. त्याच बोटीवरून २ ऑक्टोबर २०२४ ला लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. गोव्याहून निघाल्या, त्या दोघीच. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन असे थांबे घेत, केप हॉर्नला वळसा घालून २९ मे २०२५ ला गोव्यात परत आल्या. बोट तीच, हात बाराऐवजी चार. तिच्याच आराखड्याची थोरली बहीण ‘म्हादेई’. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं, तर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्यानं आणि कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. याच टॉमींनी पुढे दिलना आणि रूपा यांना तयार केलं. एवढ्या मोठ्या शिडापुढे नुसत्या दंडाच्या बळावर कुणाचंच चालत नाही. तिथे चालते ती रचना आणि वेळेवर घेतलेला निर्णय.

वेळेवर का, तर वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो आणि तिप्पट झाला की नऊपट. दहा नॉटच्या वाऱ्यात जे कापड एका हातानं आवरतं, ते तीस नॉटला दोघांनाही ऐकत नाही. म्हणून शिडाचं क्षेत्र आधीच कमी करायचं. यालाच रीफ घेणं म्हणतात.

आपल्या जुन्या फत्तेमाऱ्यांवर हे काम माणसांच्या संख्येवर निभावायचं. शीड लांबलचक परबाणाला, म्हणजे शिडाच्या तिरप्या काठीला, बांधलेलं. दिशा बदलताना ते अवजड परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला न्यायचं, वारा वाढला तर ते खाली घेऊन धाकटं शीड चढवायचं. तांडेलानं हाक दिली की दोरावर ढीगभर हात पडायचे. त्या शिडांची ओढ मला आजही मोठी वाटते, पण दोन माणसांची ती रचनाच नव्हे. मुंबईतच, कुलाब्यात बांधलेली सागवानी ‘सुहेली’ घ्या. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये तिच्यावरून ३१२ दिवसांत एकट्यानं, न थांबता जगाला फेरी मारून आले. बत्तीस फुटी बोटीला दोन डोलकाठ्या होत्या. कापड दोन काठ्यांवर वाटलं गेलं की एका वेळी आवरायचं शीड लहान होतं.

आता काकांच्या कॅटलॉगकडे येतो. त्यांचं बोट ठेवलेलं होतं डोलकाठीच्या आत गुंडाळल्या जाणाऱ्या शिडावर. कॉकपिटमध्ये बसून एक दोरी ओढली की हवं तेवढं शीड बाहेर येतं, दुसरी ओढली की आत जातं. डेकवर जायला नको, आणि हवं तितकंच शीड ठेवता येतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा फार मोठा फायदा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण गुंडाळायचं म्हणून शिडात आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅटन, घालता येत नाहीत. मागची कड आत वळवून कापावी लागते, कापड कमी होतं, आकार सपाट पडतो. गुंडाळी उंचावर असल्यानं वजनही वर जातं. आणि मुख्य म्हणजे, ताणून पिशवीसारखं झालेलं जुनं शीड आत जाताना घडी पडून अडकतं. अर्धं बाहेर असताना अडकलं तर ते आत जात नाही, बाहेर येत नाही, खालीही उतरवता येत नाही. वाढत्या वाऱ्यात अर्धवट अडकलेलं शीड आणि त्याच्याखाली दोन माणसं, हा प्रसंग मी दुसऱ्यांच्या बोटीवर पाहिलेला आहे. नवीन शीड, बूमचा, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या काठीचा, योग्य कोन आणि घाई न करणारा माणूस असेल तर ही रचना वर्षानुवर्षं नीट चालते. काकांची बोट जुनी, तिच्यासोबत आलेलं शीडही जुनं.

बूमच्या आत गुंडाळणाऱ्या रचनेत हा धोका बराच कमी. शिडाला पूर्ण लांबीच्या बॅटन राहतात, वजन खाली राहतं आणि काही बिघडलं तर हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढणारा दोर, सोडून कापड खाली पाडता येतं. मात्र बूम आणि डोलकाठीमधला कोन जवळजवळ काटकोनात नेमका धरावा लागतो. तो चुकला की गुंडाळी पुढे किंवा मागे सरकत जाते. किंमतही भारी. मोठ्या बोटीला ती शोभते, छत्तीस फुटाला मी सहसा सुचवत नाही.

माझी निवड जुनीच आहे. शीट, म्हणजे शीड आवरून धरणारा दोर, सैल करून शिडातला वारा काढायचा, हॅलयार्ड खुणेपर्यंत सोडायचा, पुढचं कडं बूमच्या आकड्यात अडकवायचं, मागच्या कडेची दोरी विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या रहाटावर, घट्ट ओढायची आणि हॅलयार्ड पुन्हा ताणायचा. बूमच्या दोन्ही बाजूंनी वर गेलेल्या लेझी जॅकच्या दोऱ्या असल्या की उतरणारं कापड डेकभर न पसरता बूमवरच्या पिशवीत पडतं. कोणताही भाग तुटला तरी हॅलयार्ड सोडता येतो आणि शीड स्वतःच्या वजनानं खाली यायला बघतं. दोघांच्या बोटीसाठी मी याहून मोठा गुण मानत नाही. ब्लाँडी हॅस्लर यांनी १९६० मध्ये अटलांटिकची एकट्यांची शर्यत पंचवीस फुटी ‘जेस्टर’वरून केली. तिचं शीड चिनी जंकच्या धर्तीचं होतं. दोर सोडला की एकेक कप्पा खाली बसायचा, आणि हॅस्लर हे झाकणातून डोकं बाहेर काढून करायचे. ४८ दिवसांत ते दुसरे आले.

सगळ्या दोऱ्या कॉकपिटपर्यंत आणायच्या का, यावर आमच्या धंद्यात रोज वाद होतो. पुढचं कडं आणि मागची कड एकाच दोरीनं ओढायची सोय दिसायला सुटसुटीत असते, पण ती दोरी इतक्या कप्प्यांतून फिरते की घर्षणानंच अर्धा जोर जातो. दोन वेगळ्या दोऱ्या मला बऱ्या वाटतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅटनच्या टोकांना डोलकाठीवर सहज सरकणारे गाडे. आपल्याकडच्या मिठानं आणि धुळीनं खाच भरली की वाऱ्यानं दाबलेलं शीड वर अडकून बसतं. गोड्या पाण्यानं धुणं आणि कोरडं वंगण हे फुकटातलं सुख लोक टाळतात.

कोकण किनाऱ्याचा हिशेबही वेगळा आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारपर्यंत मरतो, मग वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. म्हणजे रोजच शीड चढवणं-उतरवणं आलं. रात्री मुरूडपासून खाली मासेमारीची जाळी लागतात, सगळ्यांच्या बोयांवर दिवा असतोच असं नाही, त्यामुळे जागच्या जागी वेग तोडता आला पाहिजे. गोव्याला जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, परतताना तोच तोंडावर येतो, आणि तेव्हा रीफची खरी गरज लागते.

काका-काकूंना म्हटलं, कॅटलॉग मिटवा, आधी धक्क्यालगत शांत वाऱ्यात काकूंनी एकटीनं पहिली रीफ घेऊन दाखवायची, काकांनी हात लावायचा नाही. जिथे त्यांना जोर कमी पडला तिथेच पैसे घालायचे. काकूंना अडलं ते हॅलयार्ड पुन्हा ताणताना. त्यामुळे ठरलं ते असं: डोलकाठी आहे तीच, पूर्ण बॅटनचं नवं शीड, सरकते गाडे, दोन दोऱ्यांची रीफ, बूमवर पिशवी आणि हॅलयार्डसाठी मोठा विंच. शिडाला तिसरी रीफ खोल कापायला सांगितली आहे. काकांना ती जास्त वाटली, पण शीड शिवायला टाकताना काकूंनी ती खोडू दिली नाही.